मनोरंजनाचा कार्यक्रमही झाला

एका लोककलावंतावरचा माझा मृत्युलेख छापून आल्यावर महिनाभरानं त्यांची बायको नांदेडला माझ्या घरी आली. सोबत कोणी नव्हतं. हातात कापडी पिशवी, आणि पिशवीच्या तोंडाशी माझ्या लेखाचं कात्रण, चार घड्या घातलेलं. ते दारातूनच दिसलं आणि माझी समजूत झाली की बाई आभार मानायला आल्या आहेत.

अशी समजूत व्हायला कारण होतं. लेखाचं कौतुक झालं होतं. मुखेडहून, उदगीरहून, लातूरहून फोन आले होते. एका महाविद्यालयानं लोककलेवर बोलायला बोलावलं होतं, आणि मी दोन दिवस विचार करायला मागून घेतले होते, नकार द्यायचा विचार नसताना. मी आत जाऊन बायकोला चहा टाकायला सांगितलं. तिनं माझ्याकडं पाहिलं.

"आधी चेहरा नीट करा," ती म्हणाली. "सत्काराला बसल्यासारखा झालाय."

बाहेर येऊन मी शक्य तितका नम्रपणे खुर्चीच्या कडेला बसलो. "वहिनी, लिहिलं ते कमीच लिहिलं," मी म्हणालो.

"हाव," त्या म्हणाल्या. "आन् उशिरा लिहिलं. हे चालत न्हाई म्हणले हापिसात. हे मेल्यावरचं हाय. जित्तेपणीचं पायजे."

मग त्यांनी सांगितलं ते असं. म्हाताऱ्या कलावंतांना सरकार मानधन देतं आणि कलावंत गेल्यावर ते त्याच्या बायकोला मिळू शकतं. त्यांच्या नवऱ्यानं हयातीत अर्ज केला होता, पण तो मुखेडच्या पंचायत समितीत पुराव्याअभावी पडून राहिला. पुरावा म्हणजे वर्तमानपत्रातली बातमी: अमुक गावी, अमुक कार्यक्रमात, या कलावंतानं कला सादर केली. निवड समितीची बैठक पंधरा दिवसांवर होती. तोवर कागद आला नाही तर फाइल बंद करू, असं वहिनींना सांगण्यात आलं होतं.

"तुम्ही तर त्यांच्या लई कार्यक्रमाला असायचे," त्या म्हणाल्या. "म्हणून आले. एक कात्रण द्या. एकच बास."

मी म्हणालो, "एक काय, वीस देतो."

चहा अजून उकळायचा होता.

ते कलावंत मुखेड तालुक्यातल्या एका खेड्यातले. थोडं कोरडवाहू रान, एक तुणतुणं, ढोलकी वाजवणारा एक भाऊबंद आणि झांजेला एक मित्र, एवढा संच. लग्नं, जत्रा, बाजाराचे दिवस हे सगळं ते करत. पण त्यांना खरी मागणी होती ती सभांना. चारची सभा असली की पुढारी सातला येत, आणि चारला जमलेली माणसं सातपर्यंत धरून ठेवायची कोणी, हा संयोजकांचा प्रश्न असे. तो प्रश्न म्हणजे त्यांचं काम. पाण्याच्या टाकीचं उद्घाटन असो की साखर कारखान्याचा मेळावा, मंचाच्या कोपऱ्यात ते लाल फेटा बांधून उभे असत. गाणं कमी, बोलणं जास्त, आणि दोन्हीच्या मध्ये तुणतुण्याची एकच तार.

त्यांची सगळ्यात गाजलेली गोष्ट सासूची होती. इस्लापूरची सासू शिरूरला जावयाकडं निघते. पिशवीत कोंबडी.

"शिरूर कोणतं? अनंतपाळ! लांब किती? वाटंत कोंबडी दोनदा अंडं घालील, इतकं लांब!" असं म्हणून ते तार छेडत. मग एसटी, मग कंडक्टर. कंडक्टर विचारतो, पिशवीत काय? सासू म्हणते, पावणी. पावणीचं तिकीट? "ती कुठं बसलीय, मी धरलीय न्हवं!" मग नांदेडच्या स्टँडवर कोंबडी सुटते, लातूरला सासूच हरवते आणि कोंबडी सापडते. शेवटी संध्याकाळी सासू जावयाच्या दारात पोचते. एक पाय उंबऱ्याच्या आत, एक पाय बाहेर. आतून जावयाचा आवाज येतो, बायकोला काहीतरी सांगत असतो. सासू कान देते. मांडव कान देतो.

आणि रस्त्यावर धूळ उठते. पुढाऱ्याची गाडी.

"गाडी आली," ते म्हणत. "सासूला तशीच उभी राहू द्या." आणि मागच्या पायऱ्यांनी उतरून जात. ही गोष्ट मी निदान दहा वेळा ऐकली. जावई काय म्हणाला ते मला माहीत नव्हतं, आणि कोणालाच माहीत नव्हतं.

मी इतक्या वेळा ऐकली याचं कारण निष्ठा नव्हे. वार्ताहराच्या नोकरीच्या सुरुवातीला निमंत्रणपत्रिकेवर छापलेल्या वेळेवर माझा विश्वास होता. चारला म्हटलं की मी चारला हजर असे. मंचाच्या पायरीशी बसून बातमीचा पहिला परिच्छेद आधीच लिहून ठेवण्याची मला सवय होती, कारण कोण काय बोलणार ते ठरलेलंच असे. एकदा एक गाणं संपवून पाणी प्यायला ते खाली आले आणि त्यांनी विचारलं, "काय लिहून राहिले एवढं?"

मी परिच्छेद वाचून दाखवला. त्यात ‘विकासाची गंगा’ होती, ‘बहुसंख्येने उपस्थित जनसमुदाय’ होता, आणि गाव कोणतं ते सातव्या ओळीत होतं.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "पावणं," ते म्हणाले, "तुमची सासू अजून इस्लापूरलाच हाय."

मग तांब्या खाली ठेवून सांगितलं, "आधी गाव सांगा. मग माणूस सांगा. मग झालं काय ते सांगा. रडायचं का हसायचं ते ऐकणारा बघील."

पुढची पंचवीस वर्षं मी त्यावर पगार घेतला. कार्यालयात नवे वार्ताहर आले की मी त्यांना समोर बसवून ‘गाव, माणूस, घटना’ ही त्रिसूत्री समजावून सांगत असे. ती माझी आहे असं मी कधी म्हटलं नाही. नाही असंही म्हटलं नाही. एका कार्यशाळेत ती फळ्यावर लिहून तिच्याखाली माझं नाव लिहिलं गेलं, तेव्हा मी फक्त खडू खाली ठेवला. मृत्युलेखात मी त्यांच्या कलेची परंपरा, प्रवाह आणि सामाजिक संदर्भ यांवर लिहिलं. तांब्याचा प्रसंग जागेअभावी राहून गेला. लेख मीच लिहिला होता, जागाही मीच ठरवली होती.

वीस कात्रणांचं वचन देऊन मी दुसऱ्या दिवशी आमच्या जुन्या दैनिकाच्या कार्यालयात गेलो. वरच्या मजल्यावर फायलींची खोली आहे. वर्षावर्षांचे अंक पुठ्ठ्यात बांधून ठेवलेले. तीन दिवस मी तिथं बसलो. त्यांचा कार्यक्रम जिथं जिथं झाला होता ती प्रत्येक सभा मला आठवत होती, आणि प्रत्येक सभेची बातमी सापडत होती.

अकरा बातम्या सापडल्या. अकराही माझ्या.

त्यांत अध्यक्षाचं नाव होतं, उद्घाटकाचं होतं, प्रमुख पाहुण्यांची तर रांग होती. सूत्रसंचालन कोणी केलं, प्रास्ताविक कोणी केलं, आभार कोणी मानले, मांडव कोणी दिला, हे सगळं नावानिशी होतं. एका जत्रेच्या बातमीत पहिल्या आलेल्या बैलाचं नाव होतं. आणि प्रत्येक बातमीच्या शेवटी, आभारांच्या अलीकडं, एक वाक्य होतं: ‘यावेळी मनोरंजनाचा कार्यक्रमही झाला.’

हे वाक्य माझं. आमच्या वृत्तसंपादकांचा नियम होता की नाव म्हणजे गिऱ्हाईक; ज्याचं नाव छापलं त्याच्या घरी दहा अंक जास्त जातात. गाणारा माणूस एकही अंक घेत नसे. तेव्हा मी हे वाक्य तयार केलं. ते कुठंही बसे, कुठूनही काढता येई, आणि त्याबद्दल कधी कोणाची तक्रार आली नाही. वृत्तसंपादकांनी त्याचं कौतुक केलं होतं. तालुक्याचे वार्ताहरही पुढं तेच वापरू लागले. मराठी पत्रकारितेत माझी स्वतःची म्हणावी अशी भर शोधायची झाली तर ती ही.

एका बातमीसोबत फोटो होता. मंचावर नऊ मान्यवर, नऊही ओळखू येणारे. डाव्या कडेला कात्रीतून वाचलेली तीन बोटं आणि तुणतुण्याची खुंटी. त्या काळी फोटो कापायची खूणही वार्ताहरच करत असे. पेन्सिलीची ती रेघ माझीच.

वहिनींना फोन करून मी सांगितलं की शोध चालू आहे. असं सांगायला अनुभव लागतो.

मग मी लातूरला गेलो. कात्रण नाही तर नाही, त्यांच्यापासून शिकलेल्या माणसांची पत्रं गोळा करू, असा माझा विचार होता. मार्केट यार्डात एका अडतीवर पुकारा करणारे एक मुनीम आहेत. सोयाबीनच्या ढिगाभोवती खरेदीदार जमले की हे मधे उभे राहतात आणि भाव चढवतात. त्यांचा पुकारा मी पाच मिनिटं ऐकला. ढीग कोणत्या गावचा, शेतकरी कोण, माल कसा, आणि मग एक क्षण गप्प. त्या गप्प बसण्यात भाव चढतो. ती जागा मी ओळखली. तिथं तुणतुणं वाजायला हवं होतं.

"हाव, त्यांचंच," मुनीम म्हणाले. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, खिशाला तीन पेनं. "आमच्या मालकाच्या पोरीच्या लग्नात ऐकलं मी त्यांना. वरात लांबली, दोन तास नुसता माणूस बोलत होता आन् एक माणूस जेवायला उठला न्हाई. म्हटलं, हे आपल्याला जमलं तर ढीग उठायला किती वेळ?"

"हे लिहून द्याल?"

"पुकारा करायला लावा, हवं तर. लिहायला नका लावू."

तरी त्यांनी अडतीच्या कोऱ्या कागदावर चार ओळी लिहिल्या. शिरूर अनंतपाळजवळच्या एका शाळेतले गुरुजी पाढे त्यांच्या चालीवर म्हणून घेतात, त्यांनीही पत्र दिलं. दोन्ही पत्रं घेऊन मी मुखेडला चौकशी केली. उत्तर आलं: खाजगी पत्र हा पुरावा नव्हे. कार्यक्रमाला स्वतः हजर असलेल्याचं प्रतिज्ञापत्र आणा, बघू.

हजर असलेला माणूस मी होतो.

बैठकीच्या आदल्या दिवशी मी तहसीलच्या आवारातल्या लिंबाखाली, टंकलेखन यंत्र घेऊन बसलेल्या एका अर्ज लिहिणाऱ्यापुढं जाऊन बसलो. मजकूर मी घरून लिहून आणला होता. चार पानं. त्यात लोककलेकडं पाहण्याची प्रस्थापित माध्यमांची दृष्टी, जिल्हा वार्तांकनाच्या मर्यादा, आणि त्या काळातली माझी मनःस्थिती असं सगळं होतं.

त्यानं पहिलं पान वाचलं, दुसरं चाळलं, आणि चारही पानं उलटी करून दगडाखाली ठेवली.

"साहेब, लई पसरलंय हे. कुठं झालं?"

मी अकरा गावं सांगितली.

"कोण गायलं?"

मी नाव सांगितलं.

"झालं काय मग? नाव का न्हाई पेपरात?"

मी सांगू लागलो. त्यानं हात वर केला. "कोणी न्हाई लिहिलं?"

"मी."

तो टाइप करू लागला. पुरं झालं तेव्हा गावांच्या यादीखाली चार वाक्यं होती. सदर कार्यक्रमांत सदर कलावंताने आपली कला सादर केली. मी हजर होतो. ‘मनोरंजनाचा कार्यक्रमही झाला’ असे छापले आहे तो कार्यक्रम त्यांचाच. बातम्या मी लिहिल्या व नाव मी लिहिले नाही.

आयुष्यभर मी दुसऱ्यांचा मजकूर कापला. माझा इतका चांगला कोणी कापला नव्हता. मी सही केली.

दुसऱ्या दिवशी पंचायत समितीत वहिनी माझ्या आधी येऊन बाकावर बसल्या होत्या. मी त्यांना अकरा बातम्या दाखवल्या आणि त्यांत काय आहे आणि काय नाही तेही सांगितलं. हे वाक्य जुळवायला मला नांदेडपासून मुखेडपर्यंतचा रस्ता लागला होता. त्यांनी फोटो जवळ घेऊन पाहिला.

कारकून पन्नाशीचे होते. चष्मा कपाळावर, समोर फायलींची चळत. त्यांनी फोटोपासून सुरुवात केली.

"हे कोण?"

"मान्यवर," मी म्हणालो.

"आन् कलावंत?"

मी तीन बोटांवर बोट ठेवलं.

"साहेब, हाताला मानधन द्यायचं का?"

"त्यांचाच हाय तो हात," वहिनी म्हणाल्या. "नख बघा, तारेनं काळं पडलंय."

"मावशी, नख मलाबी दिसतंय. त्याच्यावर नाव न्हाई."

मग त्यांनी प्रतिज्ञापत्र उचललं. चष्मा कपाळावरून नाकावर आला. वाचता वाचता ते थांबले, माझ्याकडं पाहिलं, पुन्हा कागदाकडं पाहिलं.

"म्हंजे ते ‘मनोरंजनाचा कार्यक्रमही झाला’, ते तुम्ही?"

"हो."

ते इतके हसले की शेजारच्या टेबलावरून विचारणा झाली. "ओ, इकडं या," त्यांनी हाक मारली. "ते पेपरवाले सापडले!"

तिघंजण जमले. मला काही कळेना. मग कारकुनांनीच सांगितलं. गाडी आली, सासूला तशीच उभी राहू द्या, एवढं बोलून ते उतरत नसत. पायरीवर थांबून ते मांडवाकडं वळत आणि म्हणत, "जावा आता घरी. उद्या पेपरात वाचा: यावेळी मनोरंजनाचा कार्यक्रमही झाला!" त्यावर जो हशा होई तो पुढाऱ्याला वाटे आपल्या स्वागताचा आहे. पुढारी हात जोडत मंचावर चढे.

"आम्ही तेवढ्यासाठी थांबायचो हो," कारकून म्हणाले. "तुम्ही कधी ऐकलं न्हाई?"

मी ऐकलं नव्हतं. गाडीचा धुरळा दिसला की मी मंच सोडून गाडीकडं पळत असे. वीस वर्षं एक अख्खा तालुका माझ्या वाक्यावर हसत होता आणि मी त्या वेळी गाडीच्या दाराशी वही उघडून उभा होतो. माझं एवढं वाचलं गेलेलं दुसरं काहीही नाही.

"म्हणजे तुम्ही त्यांना चांगले ओळखत होता," मी कारकुनांना म्हणालो. "मग पुरावा कशाला मागत होता?"

"मी वळखतो हो, साहेब. फाइल वळखत न्हाई."

पण त्यांनी मग रीतसर सांगितलं. अकराही बातम्या जोडा. प्रत्येकीत त्या वाक्याखाली तांबडी रेघ मारा. वर प्रतिज्ञापत्र. बातमी सांगते कार्यक्रम झाला, प्रतिज्ञापत्र सांगतं कोणाचा झाला, आणि तारीख पेपरावर छापलेलीच आहे. त्यांनी स्वतःचं लाल पेन दिलं. मी बाकावर बसून, वहिनींच्या शेजारी, माझ्याच वाक्याखाली अकरा वेळा रेघ मारली.

समितीनं आत पाच मिनिटं घेतली. दार उघडं होतं. अध्यक्षांनी विचारलं, "हे सासूवाले का?" कोणीतरी "हाव" म्हणालं. शिक्का उठल्याचा आवाज आला.

स्टँडवर आम्ही त्यांच्या गावच्या गाडीची वाट पाहत बसलो. मी म्हणालो, "वहिनी, त्यांनी मला कधी विचारलं का नाही? एकदा म्हटले असते तर..."

"मी म्हणायचे की, जावा पेपरवाल्याकडं. ते म्हणायचे, त्यानं नाव घातलं न्हाई हे त्याला म्हाईत न्हाई. कशाला सांगून लाजवायचं? अन् त्येचं वाक्य मी फुकट वापरून राहिलो, म्हणायचे."

मी त्रिसूत्रीचं सांगितलं. तांब्याचं, फळ्याचं, खडूचं. त्यांनी ऐकून घेतलं. "मग फिटलं की," त्या म्हणाल्या.

तसं ते फिटत नाही, हे मला माहीत होतं. त्यांनाही असावं. मी विचारलं, हे सगळं आता नीट लिहू का, नाव घालून?

"नाव नगा," त्या म्हणाल्या. "तिथं फायलीत नाव शिक्क्यासगट हाय न्हवं? आता पेपरात आलं की गाव म्हणंल, पेपरवाल्याच्या वशिल्यानं झालं."

म्हणून इथंही नाव नाही. या वेळी निदान विचारून.

एक प्रश्न उरला होता. मी तो बातमीदार म्हणून विचारला, असं स्वतःला सांगितलं. "सासू दारात उभी राहते. आतून जावई बोलतो. तो काय म्हणतो?"

"कोण?"

"इस्लापूरच्या सासूचा जावई."

"ते व्हय." त्यांनी पदर सावरला. "काय न्हाई म्हणत. त्यांनी तेवढंच रचलं होतं. म्हणायचे, गाडी यायचीच असती, फुकट कशाला डोकं शिणवू?"

"आणि कधी आलीच नाही तर?"

"आली न्हवती की एकदा. देगलूरकडं कुठं तरी. पुढारी परस्परच दुसरीकडं गेला."

"मग?"

"मग काय. सासूला परत इस्लापूरला नेऊन बसवली, आन् कोंबडी बदलली."

रस्त्यावर धूळ उठली होती. त्यांनी पिशवी उचलली.

"गाडी आली," त्या म्हणाल्या.